एकाच गावातल्या एकावन्न वर्षांच्या बाया

नांदगाव खंडेश्वरच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली जी तीन टेबले आहेत, त्यांपैकी कोपऱ्यातले माझे. गेली सत्तावीस वर्षे मी तेथे अर्जनवीस म्हणून बसतो. ज्याला सरकारकडे काही मागायचे असते पण कसे मागावे ते कळत नाही, त्याचे म्हणणे ऐकून ते कागदावर शोभेल अशा रीतीने उतरवणे हा माझा व्यवसाय. शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी ‘विनंती विशेष’ या दोन शब्दांपुढे जे लिहावे लागते ते मला एम. ए. झालेल्यांपेक्षा बरे साधते, असे एका तहसीलदारांनीच चारचौघांत सांगितले होते. ते आता बदलून गेले आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

या अंकाच्या संपादकांनी गाजलेल्या अर्जांविषयी लिहा असे सुचवले होते. परंतु अर्ज शोभिवंत करणे हे ज्याचे कौशल्य, त्याला जेथे शोभा आणण्याची सक्त मनाई होती, अशा एका कामाविषयी लिहावे असे माझ्या मनाने घेतले. ते काम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या तीन फेऱ्यांत मी वाटाड्या आणि मदतनीस म्हणून होतो. तिसऱ्या फेरीत एका मुलीची नोकरी माझ्यामुळे जाता जाता राहिली, तो प्रसंग मुख्यत्वे सांगायचा आहे; पण त्यापूर्वी वाचकांस हे काम कसे चालते ते ठाऊक असणे आवश्यक आहे.

देशाचे आरोग्य कसे आहे ते सरकारला दर काही वर्षांनी पाहावे लागते. घरोघर सगळ्यांना विचारणे शक्य नसते. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही गावे निवडतात आणि त्या गावांतली काही घरे. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसेच; मात्र शीत आपल्या मर्जीने उचलायचे नाही, ही त्यातली मेख. कोणते गाव निवडले गेले ते बाहेर सांगायचे नाही, असाही दंडक आहे. त्यामुळे या लेखात गावांची नावे येणार नाहीत आणि माणसांची नावे मी बदलली आहेत.

पहिल्या खेपेला, सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, अमरावतीहून एक पथक जीपने आले. त्यांना प्रत्येक गावाचा नकाशा काढून घराघराला नंबर द्यायचा होता, आणि तालुक्यातल्या वाटा, वस्त्या, आडनावे जाणणारा माणूस हवा होता. कचेरीतून माझे नाव सुचवण्यात आले. मी खडू घेऊन भिंतीवर आकडा आणि बाण काढीत पुढे, आणि पथकातला एक जण कागदावर मारुतीचे देऊळ, विहीर, शाळा दाखवीत मागे. तो नकाशा झाला की त्यातून ठरावीक अंतराने घरे निवडली जात. मग हातात उशीएवढी जाड प्रश्नपुस्तिका घेऊन मुली त्या घरी जात. एका पानावर ‘होय’ असेल तर पुढच्या प्रश्नाला जा, ‘नाही’ असेल तर चार पाने सोडून जा, अशा सूचना असत. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून पर्यवेक्षक लाल पेनाने चुका काढीत, आणि पान सुटलेले दिसले की दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत.

माझी पहिली चूक तेथेच झाली. निवडलेल्या एका घराला कुलूप होते. मी म्हणालो, शेजारचे घर घ्या, माणसे बोलकी आहेत, चहाही देतील. पर्यवेक्षक शांतपणे म्हणाले, “आम्हाला बोलकं घर नको, निवडलेलं घर हवं.” त्या कुलपासाठी आम्ही तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी घरमालक सापडला. तो कौंडण्यपूरच्या जत्रेत खेळण्यांचे दुकान लावायला गेला होता, आणि सरकारचे लोक दोनदा येऊन गेले हे शेजाऱ्यांकडून कळल्यामुळे इतका घाबरला होता की आमचा पहिला प्रश्न होण्याआधीच त्याने दुकानाच्या परवान्याची पावती पुढे केली.

दुसरा एक गृहस्थ आठवतो. पाऊणशे वर्षांचा, पांढरे स्वच्छ धोतर. मुलीने घरातल्या लोकांची नावे, चूल, पाणी, संडास असे सगळे विचारले. तो मन लावून उत्तरे देत होता. शेवटी मुलीने पुस्तिका मिटली तेव्हा त्याने तिला थांबवले. “अन् माह्या गुडघ्याचा सवाल कोठी हाय?” गुडघ्यावर प्रश्न नाही असे तिने सांगितले. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, देशाच्या तब्येतीची एवढी मोठी पोथी अन् त्यात गुडघे नाहीत, हे कोणी लेहलं? दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर हजर. सर्वेक्षणात गुडघ्यांचा समावेश व्हावा असा अर्ज मी त्याला लिहून दिला. उत्तर आले नाही, पण अर्ज उत्कृष्ट होता.

दुसऱ्या फेरीत पुस्तिका गेली आणि मुलींच्या हाती छोटे संगणक आले. पुढचा प्रश्न यंत्रच दाखवी, त्यामुळे पान सुटण्याची भीती संपली. पण यंत्र हट्टी. एका बाईने स्वतःचे वय तीस आणि थोरल्या मुलाचे एकोणीस सांगितले, तर ते अडून बसले. अकराव्या वर्षी बाळंतपण त्याला पटेना. कागदावर असे खपून जात असे. आधी वजन, उंची आणि बोटाच्या थेंबातून रक्ताचा कस, म्हणजे हिमोग्लोबिन, एवढेच पाहत. आता रक्तदाब आणि साखरही पाहू लागले. माणसाला नुसते विचारण्यापेक्षा त्याला मोजावे, याकडे सगळ्या पद्धतीचा ओढा वाढत गेला, असे मला दिसले. संमतीचा मजकूरही लांबला. तो वाचून दाखवल्याशिवाय सुई बोटाजवळ न्यायची नाही.

आणि याच फेरीत मला दाराबाहेर बसवण्याचा नियम कडक झाला. बाईची मुलाखत एकांतात व्हायची. नवरा नको, सासू नको, आणि अर्जनवीस तर मुळीच नको. याचे कारण मीच दिलेले होते. एका गृहस्थाला खोकला किती दिवस आहे असे विचारले असता तो “आठ-पंधरा दिस” म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, “गेली कित्येक वर्षे अखंड, असे लिहा.” त्यानंतर मला ओसरीच्याही पलीकडे खुर्ची मिळू लागली. अपमान वाटला हे खोटे कशाला सांगू. ज्याच्या शब्दाने तहसीलचे शिपाई उठतात, तो कोंबड्यांमध्ये बसून.

आता तिसरी फेरी. या वेळी पाटीएवढे टॅब्लेट आले, कंबर मोजायची टेप आली, आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे दिवसाचे काम त्याच दिवशी वरच्या कार्यालयात पोचू लागले. पूर्वी चूक कळायला महिने लागत. आता आज लिहिले ते उद्या सकाळी तपासले जाई. पथकाचे पर्यवेक्षक होते अकोल्याचे गावंडे सर, पन्नाशीचे, मितभाषी. मुलींमध्ये प्रतिभा नावाची एक होती, अकोट तालुक्यातली, डी.एड. होऊन घरी बसलेली. या कामावर तिची फार आशा होती, कारण एका फेरीत चांगले नाव झाले की पुढच्या सर्वेक्षणांत बोलावणे येते. ती घरात शिरली की दहा मिनिटांत बाया तिला आतल्या खोलीत न्यायच्या. मला ती काका म्हणे.

या कामातली एक गोष्ट येथे समजून घ्यावी लागेल. घरात जेवढी माणसे, त्यांची नावे आणि वये आधी टिपतात. मग पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांची सविस्तर मुलाखत होते. ती तासभर, कधी त्याहून जास्त चालते. रक्ताचा कसही याच वयाच्या बायांचा बघतात. बाई पन्नाशीची निघाली की ही लांबलचक मुलाखत नाही. त्यामुळे कामचुकार माणसाला एक मोह होतो: अठ्ठेचाळीसच्या बाईला एकावन्नची लिहायची आणि एक तास वाचवायचा. वरच्या कार्यालयाला हा मोह पहिल्यापासून ठाऊक आहे, म्हणून पन्नाशीच्या अलीकडे बाया कमी आणि पलीकडे फार झाल्या, की तेथे घंटा वाजते.

आम्ही काम करीत होतो त्या गावात ती वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओट्यावर चहा चालला असताना गावंडे सरांना वरच्या कार्यालयाचा फोन आला. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून त्यांनी प्रतिभाला समोर बोलावले. तिने घेतलेल्या घरांत बारा बाया एकावन्न वर्षांच्या होत्या. पन्नासची एक नाही, एकोणपन्नासची एक नाही.

प्रतिभा म्हणाली, “सर, मी मनानं नाही लिहिलं. वय कोणालेच सांगता येत नव्हतं. बायांनी रेशन कार्ड दाखवलं. त्यावर वय होतं, कार्डाले सहा वर्षं झाली, मी सहा मिळवले.”

“एका गावात बारा बाया एकाच वयाच्या? गावात दुसऱ्या साली कोणी जन्मालेच आलं नाही काय?”

सर ओरडले नाहीत, हेच वाईट होते. वरून निरोप स्पष्ट होता. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही, तर मुलीला कामावरून कमी करायचे, आणि कारण तिच्या नावापुढे लिहायचे. असे कारण एकदा लिहिले गेले की पुढे कोणतेही पथक तिला घेत नाही. प्रतिभा रडली नाही. तिने टॅब्लेटचा पट्टा गळ्यातून काढला आणि ओट्यावर ठेवला.

‘सहा वर्षं’ हे शब्द माझ्या कानात अडकले होते. मी चहा संपवला. दुसरा घेतला. नंतर उठून गुंफाबाईच्या घरी गेलो. गुंफाबाई म्हणजे त्या बारांपैकी एक, दोन एकर काळी जमीन स्वतः वाहणारी विधवा, जिभेने तिखट. मी कार्ड मागितले. तिने डब्यातून काढून दिले. कुटुंबप्रमुख म्हणून तिचे नाव आणि पुढे वय, पंचेचाळीस.

मग सगळे आठवले. सहा वर्षांपूर्वी त्या गावात कार्डे बदलून देण्याचे शिबिर झाले होते. एका दिवसात गावचे सारे अर्ज मी एकट्याने भरले, आणि तालुक्यात असा दुसरा माणूस नाही असे त्या दिवशी बोलले गेले. वय विचारले की बाया पदराआड हसत आणि म्हणत, तुमीच लेहा भाऊ. मग मी माझी रीत वापरली. केस काळे असतील तर तीस. केस पांढरे असतील तर साठ. मधल्या सगळ्यांना पंचेचाळीस. पंचेचाळीस हा आकडा अर्जात भारदस्त दिसतो, त्यावर कारकून हरकत घेत नाही, आणि बाईलाही राग येत नाही. सत्तावीस वर्षांत त्या आकड्याने मला कधी दगा दिला नव्हता. पण मी लिहिलेले वय पुढे दर वर्षी एकेकाने वाढत जाईल आणि एक दिवस नेमके पन्नाशीचा उंबरठा ओलांडून उभे राहील, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

घरी परतण्याचा विचार मनात आला होता, हे मी नमूद करतो. टेबलाची अब्रू म्हणून काही असते. कार्डावर माझी सही नव्हती. मी न बोलतो तर कोणास कळते? परंतु ओट्यावर ठेवलेला तो पट्टा डोळ्यांपुढून हलेना.

गावंडे सरांना मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “हे तुम्ही आत्ता सांगून राहिले, नवीस?”

“दोन चहा उशीर झाला, साहेब,” मी म्हणालो.

ते किंचित हसले, पण म्हणाले की नुसत्या सांगण्याने भागणार नाही. बाराही बायांची वये नव्याने, कार्ड न बघता, सरांच्या समक्ष काढावी लागतील. वय ठाऊक नसणाऱ्याचे वय काढण्याची एक जुनी पद्धत आहे आणि यंत्रे आली तरी ती सुटलेली नाही. गावातल्या ठळक घटनांची यादी करायची, त्या वेळी तू केवढी होतीस, लग्न झाले होते का, थोरला मांडीवर होता का, असे विचारीत जायचे. ती यादी मी करून दिली. विजेचे खांब कधी आले, शाळेची नवी खोली कधी झाली, नाल्याच्या पुराने दळणाची चक्की कधी वाहून गेली. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, हे सरांनीही मान्य केले. यादी देऊन मी कोंबड्यांमध्ये जाऊन बसलो.

अर्ध्या तासात प्रतिभा बाहेर आली. गुंफाबाई एकावन्नवरून हलायला तयार नव्हती. इतर बायांचेही तेच. कार्डावर आहे ते वय, आणि ते नवीसभाऊंनी लिहिलेले. भाऊंचे अक्षर तहसीलदार वाचतो, मग ते खोटे कसे? माझ्या अक्षराची एवढी प्रतिष्ठा मला आयुष्यात कधी इतकी गैरसोयीची वाटली नव्हती.

सरांनी मला बायांशी बोलण्याची परवानगी दिली, पण एवढीच: सगळ्यांसमोर एकदा सांगा, कोणाचे वय किती असावे याविषयी चकार शब्द काढू नका, आणि निघून जा. मारुतीच्या पारासमोर बारा बाया जमल्या, म्हणजे पन्नासेक माणसे जमली. मी हात जोडले. मजकूर मनाशी रचला होता, त्यात ‘अनवधानाने’ आणि ‘कामाच्या अतिरेकामुळे’ असे शब्द होते. प्रत्यक्षात एवढेच बोलून गेलो: “बाई हो, कार्डावरचं वय म्या अंदाजानं लेहलं. तुमाले न इचारता. ते खरं नाही. या पोरीवर त्याचा आळ आला हाय. ती इचारीन तसं सांगा.”

मग गुंफाबाईने पदर खोचला.

“म्हंजे सहा वर्सं मी फुकटच म्हातारी होऊन राह्यली,” ती म्हणाली. “मले वाटे, सरकारनं कागदावर लेहलं तर असनच आपन थकलो. कावून हो भाऊ, तुमच्या बायकोचं बी पंचेचाळीसच लेहलं काय?”

पार हसू लागला. मी निघून गेलो, पण हसणे वेशीपर्यंत सोबत आले.

सरांनी वरच्या कार्यालयाकडून मुदत वाढवून घेतली. पुढचे दोन दिवस गावंडे सर स्वतः प्रतिभाबरोबर दाराशी बसले आणि घटनांच्या यादीवरून वये निघत गेली. विजेचे खांब आले तेव्हा गुंफाबाई चौथीत होती आणि खांबाच्या खड्ड्यात पडून तिचा दात गेला होता. ती चव्वेचाळीसची निघाली. दोन बाया खरोखरच पन्नाशीपलीकडच्या होत्या. उरलेल्या साऱ्या अलीकडे आल्या. प्रतिभाने त्यांच्या लांब मुलाखती घेतल्या, एकीचीही टाळली नाही. गुंफाबाईच्या बोटाचा थेंब यंत्रात घातला, तेव्हा रक्ताचा कस इतका कमी निघाला की सुई टोचणाऱ्या मुलीने तपासणी पुन्हा केली. धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे सगळे वयामुळे असे गुंफाबाईने गृहीत धरले होते. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तिला आरोग्य केंद्रात धाडले. तिने तीन महिने उपचार घेतले आणि या वर्षी पेरणीला तिफणीमागे ती स्वतः होती. एकावन्न वर्षांच्या बाईच्या रक्ताचा कस कोणी पाहिला नसता, ही गोष्ट मी अजून कोणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही.

वरच्या कार्यालयाला लेखी खुलासा हवा होता. सर म्हणाले, तुमचा जबाब लागेल, तुमच्याच हाताने. इतक्या वर्षांत मी हजारो कागद लिहिले, पण ते दुसऱ्यांचे. स्वतःच्या नावाचा हा पहिला. त्याचे पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो: तो मान्य झाला, प्रतिभाच्या नावापुढे काहीही लिहिले गेले नाही, आणि ती हल्ली यवतमाळकडे दुसऱ्या एका सर्वेक्षणात स्वतः पर्यवेक्षक आहे.

शाळेच्या ओट्यावर बसून मी कागद घेतला. पहिला मसुदा दीड पानांचा झाला. सरांनी वाचून त्यातल्या चार ओळी ठेवल्या आणि बाकीच्यांवर रेघ मारली. मग मी स्वच्छ प्रत केली. सर्वांत वर, रिवाजाप्रमाणे, नाव, वय, व्यवसाय. प्रतिभा माझ्या खांद्यावरून पाहत होती.

“काका, वय पन्नास लिहिलं तुमी. पन्नासच हाय काय?”

मी म्हणालो, कागदोपत्री तेच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जे लिहिले ते.

“गुरुजींनी तुमाले पाहूनच लिहिलं असन,” ती म्हणाली, आणि सरांसमोर, अगदी गंभीरपणे, तिने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. आमच्या गावात खांब कधी आले, तेव्हा मी कितवीत होतो, धाकटी बहीण जन्मली तेव्हा मी चालत होतो की धावत होतो. दहा मिनिटे लागली. मी त्रेपन्न वर्षांचा निघालो.

सरांनी दुसरा कोरा कागद पुढे केला. मी तो घेतला नाही. पन्नासवर आडवी रेघ ओढून वर त्रेपन्न लिहिले. खाडाखोड केली की तिच्या शेजारी सही करावी लागते, हे मी टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येकाला बजावीत आलो आहे. मी सही केली, आणि कागद प्रतिभाच्या हातात दिला.